उशिरा आलेली पिल्लं

प्रिय ताई,

तुम्हाला ताई म्हटलेलं चालेल ना? तुमची लेक मला मावशी म्हणते, म्हणजे नात्याने आपण बहिणी झालोच. दुसरा शब्द आहे तो शेजारणी वापरतात, तो मला कागदावर नको. फोन रोज करून पाहते, बंद लागतो. पत्र निदान एकदा तरी उघडलं जाईल, म्हणून लिहायला बसले. आडवळणाने सांगण्याइतकी ताकद आता राहिली नाही, म्हणून आधी मुद्द्याचं सांगते. थोरली जेवत नाही, बोलत नाही, शाळेत जात नाही. पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसते ती उठतच नाही. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, अंगात काही दुखणं नाही म्हणाले. माझे हात टेकले ताई. पोर आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालली आहे.

घरचं म्हणाल तर थोरलीचे बाबा आहेत तसेच आहेत. त्यांना ‘हे’ म्हणावं तर एके काळी तुम्हीही ‘हे’च म्हणत होतात, म्हणून आपलं थोरलीचे बाबा. संकट आलं की हा माणूस टेम्पो धुवायला घेतो हे तुम्हाला माहीतच आहे. सध्या आमचा टेम्पो लख्ख आहे. धाकट्याला दात येताहेत, तो घरातल्या प्रत्येक वस्तूला चावून बघतो. आणि धंदा तोच, एक दिवसाची पिल्लं आणायची, पिसं फुटेपर्यंत उबेत वाढवायची आणि पाळणाऱ्यांना पोचवायची. तुम्ही होतात तेव्हा मागच्या खोलीत चालायचं, आता परसात शेड आहे. शेडमधली खरी मालकीण मात्र तुमची लेक. भुशात हात घातला की पिल्लांखालची गादी ओली झाली का ते तिला कळतं. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठली, भिंतीला जाऊन चोच उघडून बसली तर तापली, हे मला तिने शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कोंबडीची भीती वाटायची. त्यावरून ती अजून मला हसते. हसायची, असं लिहायला हवं.

या खेपेला हॅचरीवाल्याने घोळ घातला. निम्मीच पिल्लं पाठवली, उरलेली पुढच्या खेपेला देतो म्हणाला, आणि ती आली तेव्हा पहिल्यांच्या पंखांना पिसं फुटली होती. त्यात आमचा दुसरा हीटर जळालेला. झालं, लहान-मोठी एकाच ब्रूडरमध्ये, म्हणजे एकाच उबेच्या कुंपणात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. थोरलीचे बाबा म्हणाले, सोडा सगळी एकत्र, आपापलं बघून घेतील. थोरली अशी काही कडाडली की ते मुकाट टेम्पोकडे गेले. मोठ्यांना लहान म्हणजे खाऊच वाटतो म्हणाली, आधी पायांची बोटं टोचतात, मग रक्त दिसलं की सगळी तुटून पडतात. तिने बल्ब एका टोकाला बांधला, त्याच्याखाली लहान ठेवली, दुसऱ्या गार टोकाला मोठी, आणि मधोमध जाळी. जाळीतून एकमेकांना बघू देत, सवय होऊ दे. लहानांच्या पाण्याच्या थाळीत खडे टाकले, म्हणजे बुडून मरणार नाहीत. माझ्याकडे सोपवलं ते फक्त भुसा वाहायचं काम. लहानांना पिसं आली की मग जाळी काढायची, तीही दिवस कलताना, खाद्य पसरून टाकून, आणि दुसरा सगळा दिवस कुणीतरी तिथून हलायचं नाही, असा तिचा कायदा होता.

एकदा मी सहज म्हटलं, या उशिरा आलेल्यांचे किती लाड करतेस गं. तर मान वरही न करता म्हणाली, ती उशिरा आली यात त्यांचा काय दोष? ताई, मीही या घरात उशिराच आले. त्या दिवशी मी शेडच्या मागे जाऊन पोटभर रडले आणि डोळ्यांत भुसा गेला असं सांगितलं. तोवर तिने मला कधी वाईट वागवलं नव्हतं, पण जवळही येऊ दिलं नव्हतं. धाकट्याला तर ती उचलतही नसे. त्या आठवड्यात पहिल्यांदा तिने त्याला शेडमध्ये नेलं, मांडीवर बसवलं आणि त्याच्या तळहातावर एक पिल्लू ठेवलं. मला वाटलं, बसली एकदाची घडी. किती मूर्ख असावं माणसाने.

तुमचा फोन आला तो शनिवारी, माझ्याच फोनवर. ती तो घेऊन शेडकडे गेली. परत आली तेव्हा तोंडावर असा काही उजेड, की मी विचारलंही नाही. माय-लेकींचं आहे, आपण मध्ये कशाला पडा. तुम्ही तिला काय सांगितलंत ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. उद्या दुपारच्या गाडीने येते, कपडे भरून तयार राहा, तुला न्यायलाच येते, बाबांना आणि मावशीला आत्ता काही बोलू नकोस. हेच ना? मग तिने काय केलं, तर संध्याकाळी जाळी काढून टाकली. लहानांना पिसं नीट आलेली नव्हती, तिला ते दिसत होतं. पण आपण गेल्यावर ही माणसं ते धड करणार नाहीत, सगळी एकदम सोडून देतील, तेव्हा जाण्याआधी आपल्या हाताने करून जावं, असा त्या जिवाचा हिशेब. खाद्य पसरून अंधार पडेपर्यंत ती बसून राहिली. पिल्लं खेळीमेळीने चरत होती म्हणे.

रविवारी धाकटा तापाने फणफणला. आम्ही दोघं त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. जाळी काढल्याचं आम्हाला ठाऊक नव्हतं, ती घरी आहे म्हणून आम्ही निर्धास्त. ती फाटकापुढच्या थांब्यावर पिशवी घेऊन उभी होती, शाळेच्या समारंभाचा फ्रॉक घालून. वारं सुटलं, शेड गारठली, आणि मोठी पिल्लं उबेसाठी बल्बखाली घुसली. लहान काही चिरडली, काही बाहेर ढकलली गेली, एकाला रक्त आलं आणि मग व्हायचं ते झालं. पिल्लांचं ते रडणं तुम्ही ऐकलं आहे, सुई टोचावी तसं कानात जातं. थांब्यापर्यंत ऐकू आलं तिला. ती काही वेळ तशीच उभी राहिली म्हणे, कान दाबून. मग पिशवी तिथेच टाकून धावली.

आम्ही आलो तेव्हा ती ब्रूडरमध्ये बसली होती. फ्रॉकच्या ओच्यात जिवंत पिल्लं आणि भोवताली मेलेली. मोठ्यांना तिने पत्र्याने एका कोपऱ्यात कोंडलं होतं. बहुतेक लहान वाचली, तिच्यामुळेच वाचली. मी तिला जवळ घेतलं तर एवढंच म्हणाली, गाडी येऊन गेली, मी शेडमध्ये होते. मग हुंदके देत देत फोनचं सगळं सांगितलं. त्यानंतर ती बोललेली नाही.

कळतंय का तुम्हाला, ताई? तुम्ही आला नाहीत असं तिला वाटतच नाही. तिला वाटतं तुम्ही आलात, थांब्यावर उतरलात, लेक दिसली नाही म्हणून रागावून त्याच गाडीने परत गेलात. पिल्लांसाठी मी जागा सोडली म्हणून आई गेली, असं तिने पक्कं धरून ठेवलं आहे. म्हणून आता ती जागा सोडत नाही. ताट पायरीवर नेलं तर दोन घास खाते, तेही रस्त्यावरची नजर न काढता. न्हाणीत जायला तयार होत नाही, झोप लागली की तिचे बाबा उचलून आत आणतात, आणि जाग आली की पुन्हा पायरीवर. वाचलेली पिल्लं मी तिच्यापुढे नेली तर तिने तोंड फिरवलं. मी तिच्या अंगाला हात लावून सांगितलं की गाडीतून कुणी उतरलंच नव्हतं. थांब्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावून त्याच्या तोंडूनही सांगितलं. ती माझ्याकडे असं बघते की जणू मीच तुम्हाला फाटकावरून हाकललं. तिचंही चुकत नाही. सावत्र आई दुसरं काय सांगणार?

आता मला अहो-जाहो जमत नाही. तू का आली नाहीस ते मी विचारणार नाही. तुझ्या नव्या घरात पोर कुणाला नको असेल, तुझाच पाय निघाला नसेल, ते तुझं तुला. पण ये. तिला न्यायला येणार असशील तर मी स्वतः तिचे कपडे भरून देईन, अडवणार नाही, आणि तू गेल्यावर काय रडायचं ते रडेन. न्यायचं नसेल तरीही ये, त्यासाठीच हे पत्र लिहिलं आहे. तिच्यासमोर उभी राहा आणि सांग की त्या रविवारी मी निघालेच नव्हते. गाडी चुकली, तब्येत बिघडली असलं काही सांगू नकोस, पुढच्या रविवारी येते तर मुळीच म्हणू नकोस. ती तुझ्यावर ओरडेल, तुला नखांनी ओरबाडेल, पुन्हा तुझं तोंड बघणार नाही म्हणेल. म्हणू दे. तेवढं तू सोस, तू मोठी आहेस. आज ती ते सगळं स्वतःला म्हणते आहे, आणि ती अकरा वर्षांची आहे.

तुझीच,
धाकटी