सोड म्हणजे काय

शुक्रवार, १४ मार्च

भावोजींना नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की तुम्ही फोन उचलत नाही, आणि मी सरावाला आलो की पलीकडच्या गोलमध्ये जाऊन उभे राहता. ताई बरी आहे असं धरून चालतो. माझा गुडघा ठीक आहे. मालिशवाले काका म्हणतात आणखी दोन हंगाम ओढेल, पण ते सगळ्यांनाच दोन हंगाम म्हणतात.

घरात मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो आणि मैदानात 'ए लांबड्या, बाहेर ये'. पत्रात काय म्हणावं ते ठरत नाही. सध्या तुम्हीच.

नऊ वर्षं आपण पुढेमागे खेळलो, तुम्ही गोलकीपर, मी तुमच्यापुढे बचावाला. बचाव करणाऱ्याला पाठीला डोळे नसतात, मागून हाक आली की ती डोळे झाकून ऐकायची, हे तुम्हीच शिकवलंत. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्याकडे घरंगळत आला. तुम्ही ओरडलात, "सोड." मी बाजूला झालो, तुम्ही जागेवरच थांबलात, त्यांचा गडी मध्ये घुसला आणि आपण हरलो.

बैठकीत मी म्हणालो, सोड म्हणजे चेंडू माझ्यासाठी सोड, मी घेतो. तुम्ही म्हणालात, सोड म्हणजे पुढे सोड, लाथ घाल. दोन्ही अर्थांनी आपण तो शब्द इतकी वर्षं वापरतोय. प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला. "अरे, नऊ वर्षं तुम्ही एकमेकांशी बोलताय तरी काय?" सगळे हसले. मग त्यांनी मला एकट्याला खोलीत बोलावून विचारलं, "तू हाक ऐकूनच थांबलास ना?" मी हो म्हणालो. त्या एका 'हो'वर तुम्ही राखीव खेळाडूंच्या बाकावर गेलात, आणि सोमवारी तुमचा करार पुढे चालवायचा की नाही ते ठरणार आहे.

तीन आठवडे मी त्या शब्दाचा कीस काढतोय. सकाळी वाटतं तुमचं चुकलं, जेवताना वाटतं माझं, मग वाटतं प्रशिक्षकांनीच एक शब्द ठरवून द्यायला हवा होता. काल व्हिडिओवाल्याकडे बसून तो गोल अकरा वेळा पाहिला. आवाज कळत नाही, प्रेक्षकांचा कालवा आहे. पण तुझं तोंड दिसतं आणि माझा पाय दिसतो. पाय आधी थांबलाय.

तू 'सोड' म्हणालास हे खरं, पण मी आधीच सोडला होता.

गेल्या हंगामात मी आपल्याच जाळ्यात चेंडू मारला ना, तेव्हापासून गोलसमोर चेंडू आला की माझी पाचावर धारण बसते. कुणाला सांगितलं नाही. संघात सांगण्यासारखं कुणी नव्हतं असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल, कारण तू होतास. तुला का सांगितलं नाही ते मलाही कळत नाही. आणि प्रशिक्षकांना 'हो' म्हणताना मला ते खरं वाटत होतं, की मी खरं करून घेत होतो? खूप आठवून पाहिलं, धड काही सापडत नाही.

उद्या सकाळी त्यांना तो व्हिडिओ दाखवणार आहे. चेंडूला भिणारा बचाववाला कोण ठेवेल? आणि मला दुसरं येतं काय? ते उद्या बघू.

ताईला मात्र माझ्याच्याने सांगवणार नाही. सामन्यानंतरच्या रविवारी तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा तिने भाजी चिरता चिरता विचारलं होतं, "तुमच्या दोघांत खरं कोण बोलतंय?" मी म्हणालो, मी. ती म्हणाली, "मला वाटलंच. तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस." तुम्ही दारातच होतात. बूट घालून बाहेर गेलात, आणि मी तिथे बसून पोटभर जेवलो.

तुमचं वाचून झालं की हे पत्र तिला वाचायला द्या.

तिने तुमच्याऐवजी ज्याचं ऐकलं,
तो धाकटा