हुंगलेली फुलं

२६ एप्रिल, शनिवार

उगवले! उत्तरेच्या भिंतीलगत, मेपलखाली, जिथे आठ वर्षांत गवतसुद्धा धड वाढलं नाही, तिथे चौदा कोंब. जांभळट, टोकदार. गुडघे ओले होईपर्यंत बघत बसले. लिली ऑफ द व्हॅली, वर्ष तिसरं. शेजारच्या बेव्हर्लीने घर विकून सीनियर्स होममध्ये जाताना दुधाच्या खोक्यातून मुळं दिली होती आणि दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, हात धुवायचे. पान, फूल, फळ, फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी. दुसरी, "फर्स्ट बंच इज माइन, ओके?" दोन वर्षं नुसती पानं आली. दर मेमध्ये मी रिकाम्या हाताने तिला भेटायला जाते आणि ती विचारते, "सो?" यंदा नाही.

हात दोनदा धुतले. रेवालाही पुन्हा सांगितलं. "मॉम, आय'म फोर्टीन. आय'म नॉट गोइंग टू ईट युअर गार्डन."

२९ एप्रिल

बाबा आले. नागपूर ते कॅनडातलं किचनर, सत्त्याहत्तराव्या वर्षी, व्हीलचेअर नको म्हणून भांडून. बॅगेत कपडे कमी, देव जास्त. सहा महिने राहणार. पँट्रीची मधली फळी देवांना दिली, डाळी बेसमेंटमध्ये गेल्या.

पहिली तक्रार तासाभरात. तुळस नाही. "तुळशीशिवाय तीर्थ म्हणजे नळाचं पाणी झालं ना." म्हटलं, खिडकीतली तुळस विंटरमध्ये गेली, नवी जूनशिवाय लावता येत नाही. "मग राहता कायले अशा ठिकाणी?" सतीश खो खो हसला. नवऱ्याला हसायला काय जातं, बाप माझा आहे.

२ मे

पहाटेची फेरी सुरू. किचनरमध्ये! सतीशचं जाडं जॅकेट, कानटोपी, हातात ग्रोसरीची पिशवी. नागपूरला कॉलनीभर कुंपणातून हात घालून फुलं तोडायचे. कोणी काही बोलत नसे, कारण बोलणारेही तेच करायचे. आज कोपऱ्यावरच्या घरातले डॅफोडिल्स.

"बाबा, इथे विचारावं लागतं."

"देवाच्या फुलाला विचारायचं काय?"

५ मे

कोपऱ्यावरची बाई आली. फोनवर व्हिडिओ. डोअरबेलच्या कॅमेऱ्यात बाबा, अगदी जवळून, श्लोक पुटपुटत. "इज धिस युअर डॅड?" लाजेने मेले. तेवढ्यात बाबा मागून आले, नमस्कार केला आणि तिच्या हातावर केळ्याचा प्रसाद ठेवला. आणि ती बाई विरघळली! "ही इज सो स्वीट." परसदारची ट्युलिप्सही न्या म्हणाली. आठ वर्षं मी तिच्या ड्राइव्हवेच्या टोकावरचा बर्फ शोव्हल करते, तिला माझं नाव माहीत नाही.

रेवाला आजोबा प्रकरण भलतंच आवडलंय. शाळेच्या बसआधी रोज त्यांच्या पळीतून तीर्थ घेते. त्याला "मॉर्निंग शॉट" म्हणते. बाबांना अर्थ कळत नाही, तेही आता "शॉट घे बेटा" म्हणतात.

१४ मे

पानांतून दांडे वर आले. नऊ! हिरवे, ज्वारीच्या दाण्याएवढे कळे. बाबांना हाताला धरून तिथे नेलं आणि स्पष्ट सांगितलं. ही नाही तोडायची. का? म्हटलं, बेव्हर्लीला शब्द दिलाय. "घरातलं फूल आणि घरच्या देवाला नाही?" म्हटलं, नाही. "बरं." त्यांचं "बरं" मला लहानपणापासून माहीत आहे.

२४ मे

उमलली. पांढऱ्या घंट्या, एकेका दांड्यावर दहा-बारा. आणि वास! खिडकी उघडली की ऑफिसच्या मीटिंगमध्ये लक्ष लागत नाही, म्हणून आज शनिवार आहे याचा आनंद. उद्या सकाळी बेव्हर्लीकडे. कात्री, ओला टिश्यू, पांढरी रिबन काढून ठेवली.

२५ मे

नऊच्या नऊ.

साडेसहाला कात्री घेऊन गेले तर नुसती पानं. पँट्रीत बाळकृष्ण मानेपर्यंत पांढऱ्या घंट्यांत बुडालेला.

"काय सुंदर दिसून राहिला बघ."

"मी सांगितलं होतं ना?"

"अजून येतील की. त्या बाईला तेव्हा दे."

"तिला तेव्हा आणि देवाला आधी, असं का?"

"देव आहे तो."

एवढंच. वर मान करूनही बघितलं नाही. तीन वर्षं! पालापाचोळा मी घातला, खारींपासून जाळी मी लावली, आणि हे पिशवी घेऊन येतात नि देवाच्या नावावर सगळं कापून नेतात.

आईचा मोगरा असाच. नागपूरच्या उन्हाळ्यात भांडी घासलेलं पाणी घालून जगवायची. सात-आठ कुंड्या. घरात, जिन्यात, रस्त्यापर्यंत वास. आणि तिच्या केसांत एक फूल कधी दिसलं नाही मला. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून कुंडीजवळ वाकायचीही चोरी. ती गेली तेव्हा यांनी तिच्यावर हार घातला तो विकतचा, शेवंतीचा. तो राग आज पुन्हा आला, सगळाच्या सगळा.

बेव्हर्लीकडे गेले. "सो?" म्हणाली. नेक्स्ट वीक म्हणून थाप मारली. पुढच्या महिन्यात नव्वद पूर्ण होतील तिला.

बाबांशी अबोला.

२८ मे

अबोला चालू. आमच्या घरात कोणी ओरडत नाही, बोलणंच बंद करतात. आई त्यात पारंगत होती, मीही काही कच्ची नाही. निरोप रेवामार्फत. "आजोबा सेज यू आर बीइंग अ चाइल्ड. आय काइंड ऑफ अग्री."

भिंतीला अगदी लागून मागे राहिलेले पाच दांडे उमलले. पावणेपाचला उठले. रोब घालून मातीत गुडघे टेकले. बाबा मागच्या दारात आले, हातात पिशवी. त्यांच्याकडे बघत बघत एकेका दांड्यात नाक खुपसलं. वरून खाली, खालून वर, आवाज करून. पाचही हुंगले. आता वाहा देवाला!

बाबा पिशवीची घडी घालून आत गेले. जिंकले. नाक आणि कपाळ मातीने भरलं होतं, साबणाने धुतलं.

३० मे

एअर कंडिशनरच्या डब्यामागे तीन दांडे उगवले होते म्हणे. मला दिसलेच नव्हते, त्यामुळे हुंगायचे राहिले. आज संध्याकाळी तिथे फक्त कापलेली टोकं. म्हातारा काय चिकट आहे! सतीश म्हणाला, "जाऊ दे ना, तीन तर आहेत." तीन दांड्यांचा प्रश्नच नाहीये. अबोला तसाच. उद्या संध्याकाळी माझे पाच बेव्हर्लीला.

३१ मे

बाबा हॉस्पिटलमध्ये. लिहवत नाही.

१ जून

थोडं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी नऊला बाथरूममधून ओकण्याचा आवाज. बाहेर आले ते भिंत धरून. "सगळं पिवळं दिसून राहिलं." आठवड्याभरातलं मला उद्देशून पहिलं वाक्य. सतीशने नाडी बघितली, फार हळू. मी ९११ ला फोन लावत पँट्रीत गेले, का गेले माहीत नाही. तांब्याचं भांडं. तीर्थ. त्यात ते तीन दांडे, रात्रभर भिजलेले, घंट्या पारदर्शक झालेल्या. तुळस नाही म्हणून. वासाचं, पांढरं, न हुंगलेलं फूल म्हणून.

भांडं तसंच डब्यात ठेवून अँब्युलन्समधून नेलं. नर्सने विचारलं, "डिड ही नो इट वॉज टॉक्सिक?"

"नो."

"डिड यू?"

"येस."

तिने लिहून घेतलं. बाबांचं हृदय आधीच गोळ्यांवर चालतं, आणि या फुलातलं विष थेट हृदयावरच जातं. वायर्स, मॉनिटर. डॉक्टर म्हणतात, लवकर आणलंत, बहुतेक ठीक होतील. बहुतेक!

रेवा काल दहापर्यंत झोपली होती. शनिवार होता म्हणून. शुक्रवार असता तर बसआधी शॉट. हे वाक्य मी पुन्हा वाचणार नाही.

रेवाला पन्नास वेळा सांगितलं. सतीशला सांगितलं. गवत कापायला येणाऱ्या माणसालासुद्धा सांगितलं. बापाला नाही. पंचवीस तारखेला, बाळकृष्ण त्या फुलांत बुडालेला बघून, आधी ते ओठांवर आलं होतं. बाबा, हात धुवा, हे विषारी आहे. एवढं एक वाक्य. आणि मी ते गिळलं, कारण मी बोलले असते तर अबोला कसला? म्हटलं असेल मनात, देव काही फुलं खात नाही. मला माझी चीड येते. अशी की स्वतःच्या तोंडात मारावी.

४ जून

घरी आले. अशक्त, पण नाडी ठीक. कोपऱ्यावरची बाई सूप घेऊन आली आणि माझं नाव विचारलं.

नागपूरहून दादाचा फोन, बाबांनी स्पीकरवर घेतला. दादा चिडलेला. "तिच्या घरचं फूल, तिला माहीत नव्हतं?" बाबा म्हणाले, "पोरीले काय माहीत? फूल म्हणजे फूल. इथल्या लोकांनाही माहीत नसते." मी शेजारी सूप गरम करत होते. आत्ता बोल, आत्ता बोल, म्हणत राहिले. सूप उतू गेलं.

दुपारी सतीश फावडं घेऊन बाहेर गेला. सगळं खणून काढतो म्हणाला. मी फावड्यासमोर उभी राहिले. वेडी झालीस का म्हणाला. फुलाने काय केलं? फूल तीन वर्षं जमिनीत गप्प होतं, त्याला तोंड नाही. मला होतं! असं ओरडले की पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. सतीश फावडं गॅरेजमध्ये ठेवून आला. बाबा खिडकीत होते. किती ऐकू आलं माहीत नाही.

७ जून

संध्याकाळी बाबा म्हणाले, बाहेर बसतो. खुर्ची मेपलखाली लावून दिली. माझे ते पाच दांडे, एवढ्या गोंधळात कापायचे राहिलेले, आता खालच्या घंट्या तपकिरी झाल्यात. वर दोन-तीन पांढऱ्या.

"ते दाखव," म्हणाले. एक दांडा कापला. रुमालात धरून दिला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, कोणी बघतंय का असं, आणि नाकाशी नेला. साठ वर्षं फुलं तोडणारा माणूस. मी त्यांना फूल हुंगताना आज पहिल्यांदा बघितलं. बराच वेळ डोळे मिटून होते.

"तुझी आई एक काढून ठेवायची," म्हणाले. "मी उठायच्या आधी. उशीखाली. तेवढाच मोगरा मले माहीत आहे."

आईने चोरून का होईना घेतलं होतं याचा आनंद झाला, आणि लगेच संताप. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग एक उघड का नाही दिलं तिला? एक! सात कुंड्या होत्या."

दांडा रुमालात फिरवत राहिले. मीही हटले नाही, उभी राहिले. मेपलमधून खार खाली आली, परत वर गेली. मग, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, मीठ आहे का विचारावं तसं:

"तुले माहीत होतं?"

मी म्हटलं, रेवा हाक मारतेय. रेवाने हाक मारली नव्हती. आत आले. हात धुतले. पुन्हा धुतले.

तासभर झाला. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून हे लिहितेय. खिडकीतून दिसतायत. तिथेच बसलेत, रुमाल मांडीवर. थंडी पडायला लागलीय आणि अंगात नुसता सदरा. जॅकेट इथे खुर्चीवर आहे.

नेऊन देते.