विस्कटलं ते सोडून पुढं

६ नोव्हेंबर १९७८, सांगली
आलो बुवा एकदाचा. विश्रामबागेत खोली मिळाली. घरमालकीण आक्काताई जैन, त्यामुळं जेवण दिवस मावळायच्या आत, कांदा-लसणाचं नाव नाही. वरण मात्र झकास. बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरची खोली गारेगार. साताऱ्याच्या शाखेत टेलिप्रिंटरवर माझी धाकटी बहीण अंजना बसते. रोज सकाळी तासभर लाइन उघडते. कामावर आलेल्यांची नावं ती पाठवते. आधी पाठवणाऱ्याचं नाव, मग बाकीच्यांची. कॉम्प्युटर घेतो आणि घेतलेली नावं तिला उलट छापून दाखवतो. आज पहिलं नाव अंजनाचं आलं. लय बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
लाइन म्हणजे निव्वळ ताप. कराडजवळ कुठंतरी खरखरते, एखादं नाव विस्कटतं आणि प्रोग्राम ठप्प. मग अंजनानं सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून बडवायची. फोनवर म्हणाली, दादा, बोटं पार मोडून आली, एवढा शिकलायस तर कर की कायतरी. केलं. विस्कटलेलं नाव सोडून पुढं जायचं, अशी सूचना प्रोग्रामात घातली. आमचे पायगोंडा साहेब खूश. आता कशाला थांबतंय म्हणाले.

१४ नोव्हेंबर
तिकडच्या वॉचमनचं, आकाराममामांचं नाव विस्कटलं, प्रोग्रामनं सोडलं. दुपारी अंजनाचा फोन. मामा फाटकाशी बसलेत, पण चहावाला त्यांना सोडून पुढं जातोय. बायको रंगूबाई डबा घेऊन आलीच नाही. अंजना त्यांच्या घरी गेली, तर बाई म्हणते, मला कुठला आलाय नवरा.
मी हसलो. नको होतं हसायला.

१५ नोव्हेंबर
आज मामांचं नाव नीट आलं. रंगूबाई डबा घेऊन हजर, जसं काही झालंच नाही. नाव पाठवणारी अंजना आणि घेणारा मी, आम्हा दोघांनाच कालचं आठवतंय. साहेबांना सांगितलं, ती सूचना काढू द्या. ते म्हणाले, चालतंय ते चालू दे, नाथाजी, थोडा आराम कर.

२१ नोव्हेंबर
आज पहिलं नाव आलं नाही.
फोन केला. हरणाबाई नावाच्या कुणा बाईनं उचलला. म्हणाली, पहिल्यापासून इथं मीच हाय, अंजना कोण. मग साताऱ्यातच घराशेजारच्यांना फोन लावून आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, मला तू एकटाच.
रडू आलं नाही. उद्या पहाटेची एसटी धरायची.

२२ नोव्हेंबर, सातारा
एसटीनं आलो, लाइन उघडायच्या आत. अंजना फाटकाबाहेर बसलेली. लोक तिला वळसा घालून जात होते. मला ओळखलं तिनं. काही खाल्लं नव्हतं.
सूचना अजून तशीच आहे. पण कोणीतरी नाव पाठवायलाच हवं. हरणाबाईंना म्हटलं, हेड ऑफिसचा माणूस, मशीन तपासायचंय. खुर्चीत बसलो. नियमाप्रमाणं आधी माझं नाव, मग तिचं. लाइन खरखरली.
उलट छापून आलं — अंजना.
एवढंच. तास संपला, लाइन बंद.
हरणाबाईंनी तिला चहा दिला. मला —

संध्याकाळ
आईनं ताटं वाढली. दोन. अंजना खुशीत होती. माझ्या पिशवीला पाय लागला तर म्हणाली, ही कुणाची गं आई. पिशवी ओट्यावर ठेवली तिनं.
हाक मारली. आईनं दार लावलं, वारा येतोय म्हणून.
भीती वाटते. पण लांबून.

२३ नोव्हेंबर
सकाळ. लाइन उघडली. खुर्चीवर अंजना. तिच्या मागं उभा आहे. डाव्या हातात ही वही. तिच्या खांद्यावरून उजवा हात घालून अक्षरं दाबली —
ना था जी
कागदावर उमटली. तिनं पाहिली. नीट पाहिली.
कपाळाला आठी. हरणाबाईंना म्हणाली, आज लाइन लयच खरखरतीया. आणि ते सोडून पुढचं ना—