कालच्या गाडीचा ब्रेक

गोडदेव, भाईंदर पूर्व
१४ डिसेंबर २०२५

चि. कौस्तुभ यास,

आईचा सप्रेम जय भीम. तू आणि तेजश्री पुण्यात कुडकुडत असाल, इथे पंखा अजून चालूच आहे. माझा गुडघा बरा आहे, घसा त्याहून बरा. सहा डिसेंबरच्या सभेत माइक बंद पडला, तर शेवटच्या रांगेपर्यंत तशीच बोलले.

फोन असताना पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतोस. हे सलग ऐकवायचं आहे.

बी विंगमधले तांबे तुला आठवत असतील. तुझ्या बाबांसारखेच मोटरमन, आता निवृत्त. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याशी माझा वाद झाला. ते म्हणाले, एकाच कारखान्यातून, एकाच आराखड्यावर निघालेल्या दोन लोकल सारख्या चालत नाहीत. मी म्हटलं, "तांबे, मी जन्मभर समतेवर बोलले. उपजत खोड असते, हे मला नका सांगू."

"मॅडम, खोड म्हणजे कमीपणा नव्हे हो. दोन्ही गाड्या विरारलाच नेतात. एक ब्रेक लावला की लगेच धरते. दुसरी जरा विचार करते, मग धरते. चला, दाखवतो."

मग दुपारच्या रिकाम्या गाडीने आम्ही विरारपर्यंत जाऊन येऊ लागलो. फलाट आला की डोळे मिटून सांगायचं, गाडी धक्का देणार की अलगद टेकणार. त्यांचंही चुकतं. नायगावला ते 'अलगद' म्हणाले आणि समोरच्या बाईंच्या पिशवीतली मेथी माझ्या मांडीवर आली.

"मोटरमन नवा दिसतोय," म्हणे.

मी म्हटलं, "हरलात की मोटरमन नवा, जिंकलात की गाडीची खोड."

त्या दिवशी भजी त्यांच्याकडून.

मुद्द्यावर ये, असं तू आतापर्यंत दोनदा तरी म्हणाला असशील. येते.

या माणसाला मी वर्षभर तुझ्या बाबांच्या मापाने मोजलं. दोघे मोटरमन, दोघे कोकणातले, दोघांना सुक्या जवळ्याची चटणी लागते. मला वाटलं, हा माणूस मला आधीच पाठ आहे. बाबा चिडले की बोलून मोकळे व्हायचे. हे गप्प बसतात. ते गप्प म्हणजे राग गेला, असं धरून मी पुढे बोलत राहिले आणि चांगलीच आपटले. नंतर विचारलं, "रोज वेगळी गाडी हातात यायची, तेव्हा काय करायचात?"

"सुटल्यावर, वेग कमी असतानाच, एकदा हलका ब्रेक लावून बघायचा. कालच्या गाडीचा ब्रेक आजच्या गाडीला लावला तर फलाट हुकतो."

आता मीही हलकाच लावून बघते. पुष्कळ जमतं.

बाबांचा फोटो हॉलमध्येच आहे आणि राहील. खिळा सैल झाला होता, तो जितेंद्रने नवा ठोकला.

हो, जितेंद्रने, म्हणजे तांब्यांनीच. आम्ही लग्न करतोय.

विधवेने पुन्हा संसार मांडावा म्हणून मी किती मांडव गाजवले. तू स्टेजच्या पायरीवर बसून खारे दाणे खायचास. तेव्हा कधी शब्द शोधावा लागला नाही, या दोन ओळी मात्र तीनदा खोडून लिहिल्या. पण मी सुखात आहे, बाळा. सकाळी पेपरातल्या अग्रलेखावरून भांडायला घरात माणूस असणार आहे.

नोंदणी ९ जानेवारीला, शुक्रवारी, ठाण्यात. तीन साक्षीदार लागतात. शेजारची संजना आहे, जितेंद्रची मुलगी क्षितिजा आहे. तिसऱ्यासाठी मी अजून कुणाला विचारलेलं नाही. परवानगी मागत नाही, ती मागायची नसते हेच तुला शिकवलं. तू आला नाहीस तरी लग्न होईल, आणि मी तुझ्यावर रुसणार नाही. पण जन्मभर हजारांसमोर उभी राहिलेल्या तुझ्या आईला त्या दिवशी समोर एकच चेहरा हवा आहे.

वाट पाहते.

तुझी आई,
ममता उत्तम गमरे
(लग्नानंतरही सही हीच.)