चष्मेवालीसाठी उंच गाडी

मंगळवार, ४ मार्च

चि. नवाब यास,

अ. आ. वि. वि. आशीर्वाद सवयीने दिला आहे, या आठवड्यात तू त्याला पात्र नाहीस. पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी जरा आवाज चढवला की तुझ्याकडे लगेच आवाज तुटायला लागतो. कागद तुटत नाही. शेवटपर्यंत वाच.

रविवारी तुझ्याकडे येऊन गेले आणि तेव्हापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. चष्मेवालीच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन किती महिने झाले? काठी सुटली, जिना चढते, ओट्याशी उभी राहून सगळं करते, आणि घराबाहेर पडते ती फक्त डॉक्टरांकडे जायला. तेही तुझ्या त्या लाडक्या लाल गाडीतून! मी स्वतः बघितलं. आधी पाठ फिरवायची, मग एक हात छपरावर, एक हात तुझ्या गळ्यात, मग डोळे मिटून अंग खाली सोडून द्यायचं. चादरीची घालावी तशी तू माझ्या भावजयीची घडी घालतोस, आणि वर दाराला ओरखडा पडेल म्हणून तिलाच जपायला सांगतोस. लाज कशी वाटत नाही रे?

डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं आहे की बसताना खुबा गुडघ्याच्या खाली जाता कामा नये, उंच बैठकीची गाडी बघा. तू काय बघितलंस? आरशात स्वतःचा भांग. मी उभी हयात बस चालवली. पायरी चढताना ज्यांचा जीव जातो अशी माणसं मी रोज आरशात बघितली आहेत, तेव्हा मला शिकवू नकोस की तिलाच हल्ली बाहेर जावंसं वाटत नाही.

ती खिडकीपाशी बसली होती. मला विचारत होती की दिवसभर बस चालवून पाय भरून यायचे का, आणि ब्रेकवरचा पाय दुखायला लागला तर मी काय करायचे. मी मेली रंगात येऊन बसच्या गोष्टी सांगत सुटले. किती कंटाळली असेल बिचारी, की नणंदेच्या नोकरीच्या गोष्टीसुद्धा तिला गोड लागतात!

नवी गाडी तुला परवडणार नाही हे ठाऊक आहे. जुनी बघ, पण उंच बघ, आणि ती लाल विकून टाक.

राग आहेच, तो वाढू न देणं तुझ्या हातात आहे.

तुझी,
ताई


रविवार, ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. शेवटपर्यंत वाचलं, दोनदा पाणी पिऊन.

ताई, तू मला काय कसाई समजतेस? बायको माझी आहे. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातल्या त्या लोखंडी खुर्चीवर मी झोपलो, तू नव्हे. आयुष्यभर लोकांच्या लग्नांत ओणवा होऊन फोटो काढले, जन्मात एक हौसेची गोष्ट घेतली, तर ती तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. तू माझ्या गाडीला जमिनीला चिकटलेलं झुरळ म्हणालीस, तेही स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांसमोर. मी ते विसरलेलो नाही.

तरी तुझा मान राखून मी गाड्या बघायला गेलो. पहिली इतकी उंच की चढायला शिडी हवी. विकणारा छाती फुगवून सांगत होता की यात बसलं की सगळा रस्ता आपल्या पायाखाली. पण बसायचं कसं? माझ्यासारख्या ताडमाड माणसाला टांग टाकावी लागली, तिथे तिचं काय होणार? गाडी उंच असणं वेगळं आणि बैठक बेताच्या उंचीवर असणं वेगळं, हे तुझ्या बसच्या डोक्यात शिरेल का? दुसरीची बैठक बरी होती, पण दाराखालची कड एवढी रुंद की पाय उचलून पलीकडे टाकताना मलाच कळ आली.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं, काय करायचं विचारलं. ती एवढंच म्हणाली की बघा तुम्ही. आता यावर माणसाने काय करावं? दिवसभर ती आपली भिंगांची पेटी उघडते, एकेक भिंग पुसते, परत खाचेत ठेवते. शाळाशाळांतून हिंडून मुलांचे डोळे तपासायची, ते सुटलं त्याची हुरहुर असणार. तिची जुनी गाडी तर मी आजारपणातच काढून टाकली, दारात उगाच धूळ खात होती. परवा म्हटलं, पेटी माळ्यावर ठेवू का? अशा नजरेने बघितलं माझ्याकडे, की मी मुकाट्याने चहा टाकायला गेलो.

तेव्हा कृपा करून माझं घर बससारखं चालवू नकोस. मला जमेल तसं मी बघतो आहे.

माया असू दे, पण जरा लांबूनच.

तुझा,
नवाब


शुक्रवार, १४ मार्च

चि. नवाब यास,

अ. आ. वि. वि. तुला जमेल तसं तू बघत बसशील आणि तोवर ती खिडकीतच म्हातारी होईल. म्हणून मीच जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन आले.

काय ती जागा आणि काय ती माणसं! दारातच एका गुळगुळीत पोरसवदा विक्रेत्याने मला विचारलं की साहेब मागून येताहेत का. मी म्हटलं, साहेब कधीच वर गेले, आणि ते होते तेव्हाही गाडी मीच चालवायचे. मग त्याने मला रंग दाखवायला सुरुवात केली. मला, जिने इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून डेपोच्या मिस्त्रीला उठवलंय! मी त्याला बाजूला सारलं आणि सरळ दारं उघडत सुटले. तीन गाड्यांत अत्तर फवारलेलं होतं. अत्तराच्या गाडीकडे मी दुसऱ्यांदा बघत नाही, खाली काहीतरी कुजलेलं असतं.

मुद्दाम शेजारणीला घेऊन गेले होते. ती बांध्याने अगदी चष्मेवालीएवढीच. तिला म्हटलं, एक पाय दुखतोय असं समज आणि प्रत्येक गाडीत बस, ऊठ, बस, ऊठ. तिने असा काही पाय ओढला की विक्रेता धावत खुर्ची घेऊन आला. शेवटी एक करडी सापडली. दार सताड उघडतं, कड बुटकी, आणि चालकाशेजारची सीट अशी की ना चढायचं ना बुडायचं, नुसतं मागे टेकायचं. शेजारीण तर उतरायलाच तयार नव्हती. वर धरायला मजबूत कडी आहे. पाय सरळ सोडून तुझी बायको राणीसारखी बसेल.

गाडी मी ठरवून आले. मंगळवारी आणि शुक्रवारी मीच तिला फिरवून आणीन, तुला यायची गरज नाही.

तुझ्या आडमुठेपणावरही जीव आहेच, तो कमी होत नाही हीच माझी अडचण.

तुझी,
ताई


मंगळवार, १८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे म्हणजे अति झालं! कुणाला विचारून ठरवलीस? मीही एक ठरवून आलो आहे, तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी. निळी. आणि हो, लाल गाडी गेली. एका कॉलेजकुमाराने नेली, वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. हे तुला सांगणार नव्हतो, पण तू मला जन्मभर झुरळवाला म्हणशील म्हणून सांगतो.

निळीत तुझ्या करडीपेक्षा सगळं चांगलं आहे. बाजूच्या सीटला हात टेकायला गादी, समोर ऊन अडवायला पडदी, पायांशी ऐसपैस जागा. मी त्या सीटचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, प्रकाश बघून, आणि घरी आणून तिला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारलं की दुसऱ्या बाजूचा फोटो कुठे आहे. म्हटलं, ती बाजू तर माझी, तिथे मी बसणार.  ती फोटो उलटे ठेवून झोपायला गेली. एवढं करून चेहऱ्यावर आनंदाची रेघ नाही! मलाही मन आहे, ताई. कुणी ते बघणार आहे का?

करडी रद्द कर. माझ्या बायकोला मंगळवारी आणि शुक्रवारी फिरवायला मी समर्थ आहे.

रागावलास तरी लिहीत जा असं तू म्हणतेस, म्हणून लिहिलं.

तुझा,
नवाब


गुरुवार, २० मार्च

चि. नवाब यास,

आ. वि. वि. लाल गेली हे वाचून क्षणभर वाईट वाटलं, ते इथेच संपवते. करडी रद्द होणार नाही. फार तर मंगळवार तुझा, शुक्रवार माझा, रविवार आळीपाळीने. कळव.

ताई


सोमवार, २४ मार्च

ती. ताईंस आणि घरातल्या नवाबांस,

सा. न. वि. वि. एकच पत्र दोघांना लिहिते आहे. नवाबांची प्रत चहाच्या डब्याला टेकवून ठेवली आहे. तुमची सगळी पत्रं मी वाचली, कारण आलेली आणि टपालात टाकायची, दोन्ही आमच्या टेबलावरच पडलेली असतात आणि त्यांत सगळं माझंच वर्णन असतं.

मला तुमचा दोघांचा अतिशय राग आला आहे. माया करणाऱ्यांवर रागावू नये म्हणून इतके दिवस मूग गिळून बसले, आता बसणार नाही. माझे मंगळवार, माझे शुक्रवार, माझे रविवार तुम्ही वाटून घेतलेत. मी काय शिळी भाकरी आहे, अर्धी तुला अर्धी मला?

आज सकाळी टॅक्सी करून मी एकटीच गेले. टॅक्सी उंच होती, चढले, उतरले, काही झालं नाही. आधी ताईंची करडी बघितली. विक्रेत्याने लगबगीने बाजूचं दार उघडून धरलं. मी पलीकडून गेले आणि स्टिअरिंगसमोर बसले. ताई, ती सीट वर येतच नाही. चालकाच्या जागेवर मी विहिरीत बसल्यासारखी, आणि क्लच दाबायला खुबा वाकवावा लागतो तो अगदी डॉक्टरांनी नको म्हटलं आहे तितका. तुम्ही इतकी वर्षं बस चालवली आणि या गाडीत चालकाच्या जागी एकदाही बसून बघितलं नाहीत? शेजारणीला उठवलंत-बसवलंत ते सगळं बाजूच्या सीटवर. आयुष्यभर लोकांना बसवून नेलंत, म्हणून तुम्हाला आम्ही सगळे प्रवासीच दिसतो. मी तुम्हाला ब्रेकवरच्या पायाबद्दल विचारत होते ते वेळ घालवायला नव्हे हो.

मग निळी. तिची चालकाची सीट ताडमाड माणसाच्या मापाची, पुढे ओढली तर अर्ध्यात अडते. माझे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचले. नवाबांना ती अगदी फिट बसली असणार. हात टेकायची गादी मात्र खरंच छान आहे.

डॉक्टरांनी उंच बैठकीची गाडी बघा म्हटलं, ते मी विचारल्यावर म्हटलं. मी विचारलं होतं की मी पुन्हा गाडी कधी चालवू शकेन. नवाब तेव्हा तिथेच होते, औषधांची पिशवी आवरत होते. उत्तर तेवढं ऐकलं, प्रश्न ऐकलाच नाही. माझी गाडी मला न विचारता गेली तेव्हाही मी अंथरुणावर होते म्हणून गप्प राहिले. मी ‘बघा तुम्ही’ म्हणाले ते यासाठी, की गाड्या बघायला निघताना मलाही चल म्हणाल. माझं लायसन्स अजून माझ्याच पर्समध्ये आहे. माझा पाय दुखावला होता, बाकी काही नाही.

त्याच बाजारात मागच्या रांगेत एक शेवाळी रंगाची होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. रंग भयंकर आहे, टपावर पोपडे आलेत. पण चालकाची सीट हातातल्या दांड्याने हवी तेवढी वर येते. पाठ टेकवली, पाय आत फिरवले आणि बसले, कुठे कळ नाही. पेडल तळव्याखाली आपोआप आले. समोर बॉनेटचं टोक दिसलं, त्याच्या पुढचा रस्ता दिसला, फुटपाथवरून चालणारी शाळेची मुलंसुद्धा दिसली. मी तिथेच रडले. विक्रेत्याला वाटलं रंग आवडला नाही.

मग बाजारामागच्या रस्त्यावर मी ती चालवून बघितली. वळवली, मागे घेतली, चढावर थांबवून परत उचलली. ठरवली. तुमच्या दोन्ही ठरवलेल्या गाड्या मीच रद्द करून आले, तेव्हा आता भांडायला दुसरं काही शोधा.

पुढच्या सोमवारपासून मी शाळांना येते म्हणून कळवलं आहे. मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या की मुलं फळ्याजवळ सरकून सरकून भिंतीला टेकली आहेत, लवकर या.

गाडीची बाजूची सीट फाटलेली आहे आणि तिची स्प्रिंग टोचते. मी ती दुरुस्त करणार नाही. मंगळवार, शुक्रवार, रविवार, ज्याला माझ्याबरोबर यायचं असेल त्याने तिथे गुपचूप बसावं आणि मला ब्रेक कधी मारायचा ते सांगू नये.

तुमच्या दोघांवर जीव आहे, म्हणून जागा ठेवली आहे.

आपली,
चष्मेवाली