सातव्या वर्षाचं कुंपण

गुरुजी, कुंपणाचा मुद्दा मला सापडला. तुम्ही माझ्यासाठी ठेवून गेलेल्या पेटीतलं ते जाड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन तिसऱ्यांदा वाचत होतो, तेव्हा खालच्या बारीक टिपेत दिसला. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, आपोआप येईल ते सगळ्यांचं, आणि शब्दाला धरून गेलं तर मालकानं कुंपणाला भगदाडं पाडायला हवीत, असं तुमचे जुने धर्मपंडित म्हणतात. पण लोकांचा व्यवहार सुरळीत राहावा म्हणून पुढे त्यांनीच कुंपण राहू दिलं. म्हणजे बहात्तर साली मी केलं ते अगदीच शास्त्राबाहेरचं नव्हतं. चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या इंजिन मेकॅनिकनं हे शोधून काढलं. तुम्ही असता तर चष्मा वर सारून दोनदा वाचलं असतं.

तुम्ही कोकणातले यहुदी. अनसिंगात मात्र शनिवार पाळणारे मास्तर, एवढीच तुमची ओळख. रिटायर झाल्यावरही इथेच राहिलात, गावाबाहेर अर्धा एकर घेतला. रविवारी सकाळी तुमच्या ओसरीवर मी इंग्रजी शिकायचो आणि भांडायचो. त्या वर्षी इस्रायलहून तुमच्या भावाचं पत्र आलं. त्यांचं सातवं वर्ष लागत होतं आणि भावाच्या गावात दोन तट पडले होते. एक धर्मगुरू म्हणे, जमीन वर्षापुरती परधर्मीयाला विका आणि कसत राहा. दुसरा म्हणे, ही विक्री खोटी. मी लगेच निकाल दिला, की आपल्याकडे सीलिंगच्या कायद्याला भिऊन सालदाराच्या नावावर वावर लावतात, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही हसलात आणि स्वतःचाच अर्धा एकर वर्षभर पडीक सोडून दिलात. मी कायदा काढला. हा नियम फक्त त्या देशातल्या मातीला लागू आहे, अनसिंग त्यात येत नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच बरं. इथं मला कोणी विचारणार नाही."

पाऊस नव्हताच. तरी तुमच्या बांधावरची सीताफळं धरली होती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया येता-जाता तोडून न्यायच्या. दसऱ्याच्या सुमारास तुम्ही पुतणीच्या लग्नाला आठ दिवस मुंबईला गेलात, आणि मी दोन बैलगाड्या बाभळीचे काटे आणले. टेप लावून तीन-तीन फुटांवर खुंट ठोकले, फाटक तारेनं आवळलं. शेळीचं तोंड आत जाणार नाही असं काम. डोक्यावर रिकामं घमेलं घेतलेली एक बाई थांबली. "काहून रे भाऊ, मास्तरानं सांगतलं, का तूच मालक झाला?" मी म्हटलं, रखवाली करून राह्यलो.

तुम्ही परत येता. बॅग रस्त्यावरच ठेवता आणि फाटकापासून काटे उपसायला लागता, नुसत्या हातांनी. मी पक्कड घेऊन धावतो. तुम्ही ती घेत नाही. मनगटावर रक्ताची रेघ आली आहे, सदऱ्याची बाही फाटली आहे. उपसता उपसता म्हणता, "अरे, त्या बायांसाठीच तर ठेवलं होतं."

"मले माहीत नव्हतं, गुरुजी," मी म्हटलं.

तुमचे हात थांबले. मग दोष माझा, म्हणालात, तुला व्याकरण शिकवत बसलो आणि हे सांगितलंच नाही. पुढच्या रविवारी त्या जाड पुस्तकातलं, सातव्या वर्षी उगवेल ते गोरगरिबांचं असं सांगणारं पान काढलंत. ओळीखाली बोट धरून, अर्थ सांगत, सावकाश पूर्ण वाचलंत. पट्टी बांधलेलं बोट होतं ते.

बारीक टिपेतलं कुंपण लोकांच्या सोयीचं आहे. माझं तसं नव्हतं. दरवर्षी सीताफळांची पहिली पाटी माझ्या घरी यायची, तुम्ही स्वतः आणून द्यायचात. त्या वर्षी मीही त्या बायांमधलाच एक झालो असतो, आणि ते मला नको होतं.

हे पत्र त्याच पानात ठेवतो आहे. ते पान तुम्ही पोळ्याच्या आधीच मला वाचायला दिलं होतं, आठवतं का? मी वहीत उतरवून घेतलं होतं. तुम्ही वाचत होतात तेव्हा पुढची ओळ कोणती ते मला ठाऊक होतं, आणि तरी प्रत्येक ओळीला मी "हो का?" म्हणत होतो.