तेरावा टेक

३ मार्च, मंगळवार

शिसारी आली आज. दुसरा शब्दच नाही!

गिटारच्या कार्यशाळेत चौदा जण होते. चौदाही जणांनी माझा तो सोलो वाजवून दाखवला — पहिल्या अल्बममधला, चार-चार मात्रांचे बत्तीस बार, जसाच्या तसा. दहाव्या बारला सूर उशिरा आणायचा, आता पडतोय की काय असं वाटलं की अलगद सावरून घ्यायचा. चौदा वेळा पडला, चौदा वेळा सावरला. एक टकलू गृहस्थ तर तिथे माझ्यासारखी मानही वाकडी करत होते.

जॅझ म्हणजे त्या क्षणी सुचेल ते, हे यांना सांगायचं कोणी? मी? मीच वीस वर्षं तो सोलो पाठ करून घोकतेय. सुरुवातीला बदलून पाहिला. लोक तोंडं पाडून बसायचे. मग नाद सोडला. तो उशिरा येणारा सूर म्हणजेच माझी शैली, असं छापून आलं आणि मीही मग सगळीकडे उशिराच यायला लागले. स्वतःचीच झेरॉक्स. शी!

६ मार्च, शुक्रवार

मॅनेजरबाईंचा फोन. अल्बमला वीस वर्षं होतायत, नवी आवृत्ती काढायची, २१ तारखेला मोठा कार्यक्रम. "न वापरलेले टेक, गाळलेली रेकॉर्डिंग्ज असतील ना हो पडून? लोकांना हल्ली तेच हवं असतं."

उद्या माझी खरकटी ताटलीही मागतील.

७ मार्च, शनिवार

रेकॉर्डिस्टकडे गेले. आता निवृत्त आहेत. हार्ड डिस्क बुटाच्या खोक्यात ठेवलेली. "ऐकायचंच आहे का?" असं दोनदा विचारलं. मला वाटलं, टेक वाईट आहेत म्हणून.

वाईट होतेच. त्या दिवशी माझं डोकं भयंकर दुखत होतं. बास आणि ड्रम आदल्या दिवशीच झाले होते, माझाच सोलो तेवढा राहिला होता. दादा — माझा थोरला भाऊ, मला गिटार शिकवली ती त्यानेच — मला सोडायला आला होता. बारा टेक दिले आणि बाहेरच्या सोफ्यावर आडवी झाले. डोळा लागला. उठले तर रेकॉर्डिस्ट म्हणाले, "झालं तुझं काम." आठवड्याने ऐकलं आणि रडले. तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीत सांगतेय — कसा वाजवला, माझं मलाच आठवत नाही. लोक हात जोडतात!

आज बाराही ऐकले. सूर नुसते कोंबलेले. उशिरा येणारा सूर कुठेच नाही. बारापैकी एकाही टेकमध्ये नाही.

मग तेरावा. खुर्ची करकरली. दादाचा आवाज — "चालू आहे का? एकदा वाजवून बघतो. तिला उठवू नका."

आणि सोलो. अख्खा. एका दमात.

रेकॉर्डिस्ट स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, त्याने सांगितलं असेल तुला."

१० मार्च, मंगळवार

तीन दिवस गिटारला हात नाही. घरात सगळे मला लहानपणापासून ठकी म्हणतात. ठकी! काय दूरदृष्टी होती सगळ्यांची.

११ मार्च, बुधवार

दादाच्या चष्म्याच्या दुकानात गेले. तो एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवत होता. मी दारातूनच म्हटलं, "तेरावा टेक ऐकला."

त्याने फ्रेम काढली, काडी किंचित वाकवली, परत बसवली. "आता टोचतंय का?" बाईंना विचारलं. मग माझ्याकडे न बघता — "तू रडलीस ना तेव्हा. म्हणालीस, दादा, हे मी वाजवलं! मग काय सांगणार? म्हटलं, अल्बम निघाला की सांगू. अल्बम निघाला आणि तुला बक्षीस जाहीर झालं."

पुढच्या वर्षी त्याने गिटार सोडली. त्याच्यात ती आच नाही, असं मी समजत आले. कार्यक्रमांचे पास पाठवायचे त्याला — बिचारा, येऊ दे! आठवूनच अंगावर काटा येतो. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. त्याचीही आली. मला वीस वर्षं लहान मूल समजून खेळवलं त्याने!

ओरडलेच. "मी तुझी नक्कल करतेय आणि तू समोर बसून टाळ्या वाजवतोयस!"

"चांगलं वाजवायचीस, म्हणून वाजवल्या," म्हणाला.

चष्मेवाल्या बाई आरशात बघत होत्या. एकदम हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी नंतर येऊ का?"

१४ मार्च, शनिवार

ठरलं. स्टेजवरून सांगणार. दादाला पास पाठवला नाही. कोणत्या तोंडाने पाठवू?

२२ मार्च, रविवार

काल सांगितलं. माइक धरून, स्पष्ट — हा सोलो माझा नाही, माझ्या भावाचा आहे. मी झोपले होते.

लोक आधी हसले. मग उभे राहिले! टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एक काकू डोळे पुसत म्हणाल्या, "एवढी मोठी कलाकार, पण काय हा विनय!" आणि मग तोच सोलो मागितला. मी वाजवला. हो, वाजवला. बोटं आपली आपण चालत होती.

आज सकाळी मॅनेजरबाई — "गोष्ट फार सुंदर आहे हो, दर कार्यक्रमात सांगत जा. तो टेक मात्र कोणाला ऐकवू नका."

खरं सांगितलं तरी त्याचंही लोणी करून खातात ही माणसं. या धंद्याचा वीट आलाय. पुढचे सगळे कार्यक्रम रद्द करा म्हणून कळवलं. गिटार माळ्यावर टाकली.

२९ मार्च, रविवार

सकाळी दादा आला. खांद्याला गिटार, तारा नव्या कोऱ्या. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सोलो सुरू केला. चार बार गेले आणि अडकला. परत सुरू केला, परत अडकला. "त्या दिवसानंतर वर्षभर हाच घेऊन बसत होतो गं घरी. एकदाही जमला नाही. म्हणून तर सोडली." मग गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

"तुला येतो. शिकव मला."